शरदाची चाहूल

पावसाळा येतो तो वाजतगाजत. आकाशात ढगांचे नगारे झडू लागतात, वीज मशाल धरते आणि मृगाची पहिली सर कोसळली की लहानथोर सारे अंगणात धाव घेतात. हिवाळाही आपली ओळख आपणच करून देतो. पहाटे गावाच्या वेशीजवळ शेकोटी पेटली की तो आल्याचे कोणाला सांगावे लागत नाही. शरद ऋतूचे मात्र तसे नाही. पंचांगाने आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने त्याच्या नावे मांडून ठेवले आहेत; परंतु भाद्रपद सरण्यापूर्वीच तो हलक्या पावलांनी शिवारात येऊन उभा राहतो. बहुतेकांना त्याची वार्ताही नसते.

हिंगोलीत राहणाऱ्या एका वृद्ध शेतकऱ्याला ही चाहूल फार लवकर लागत असे. घरातले सारे त्यांना आबा म्हणत. वय पंचाहत्तरीच्या पुढे गेलेले, पाठ किंचित वाकलेली. पण आवाज खणखणीत होता. त्यांचे शेत नर्सीजवळ, कयाधू नदीच्या काठी होते. कोणत्या वर्षी कोणत्या नक्षत्राने किती पाऊस दिला, हे त्यांना तोंडपाठ असे. पेरणी केव्हा करावी आणि कापणी केव्हा धरावी, हे ठरविण्यापूर्वी शेजारीपाजारीही एकदा आबांना विचारून जात.

परंतु गेल्या दोन वर्षांपासून आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोरचे माणूस आकृतीसारखे दिसे. त्याचा चेहरा ओळखू येत नसे. शस्त्रक्रिया दिवाळीनंतर करावयाची, असे ठरले होते. तोवर पिके तयार होणार होती, आणि पिकांना दिवाळीपर्यंत थांबा असे सांगता येत नाही.

त्या दिवशी रविवार होता. सूर्य उत्तरा नक्षत्रात होता. पाच वाजण्याच्या सुमारास आबा अंगणात येऊन बसले. त्यांची सहावीत शिकणारी नात पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यापाशी आली. आबा म्हणाले, “माय, दक्षिणेकडे तोंड कर. खाली, घरांच्या माथ्यावर, एखादी मोठी चांदणी दिसते का?”

मुलीने पाहिले. रात्रभर आकाश निवळलेले होते. दक्षिणेकडे, फारशी उंच नसलेली, एक ठळक पांढरी चांदणी शांतपणे तेवत होती.

“दिसते, आबा. खूप मोठी आहे. तिच्या आसपास तेवढी मोठी दुसरी नाही.”

“तोच अगस्ती,” आबा समाधानाने म्हणाले. “उन्हाळ्याच्या अखेरीस तो सूर्याच्या उजेडात दिसेनासा होतो. पाऊस उताराला लागला की पहाटे पुन्हा दिसू लागतो. अगस्ती उगवला की नद्यांचं पाणी निवळतं, असं जुनी माणसं सांगत.”

“ताऱ्यामुळे पाणी कसं निवळेल?” मुलीने विचारले.

आबा हसले. “ताऱ्यामुळे नव्हे गं. दोन्ही गोष्टींची वेळ एक. घड्याळात सात वाजले म्हणून सूर्य उगवत नाही; पण घड्याळाकडे पाहून आपल्याला उजाडल्याचं कळतं. आमच्या वाडवडिलांपाशी हेच घड्याळ होतं.”

अंगणातल्या पारिजातकाखाली फुलांचा सडा पडला होता. केशरी देठांची ती पांढरी फुले मुलीने ओंजळीत भरून आबांपुढे धरली. त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, “आज तुला माझ्यासंगे शेतावर यायचं आहे. तू पाहायचंस आणि मला सांगायचं. काही गाळायचं नाही आणि पदरचं काही घालायचं नाही.”

शेतावर जाण्याचे कारण तसेच महत्त्वाचे होते. सोयाबीन कापणीला आले होते. मजुरांची टोळी मंगळवारी मिळणार होती. त्यानंतर ती पंधरा दिवस दुसऱ्या गावी जाणार होती. मुलीच्या वडिलांच्या मनात सारे पीक एकदम कापून घ्यावे असे होते. पण कापलेल्या सोयाबीनवर पाऊस पडला तर शेंगांतच दाण्यांना मोड येतात, दाणे काळे पडतात आणि बाजारात त्यांना भाव मिळत नाही. उलट वाळलेले पीक उभेच ठेवले तर उन्हाने शेंगा तडकतात आणि दाणे मातीत सांडतात. चार महिन्यांचे कष्ट अशा रीतीने दोन संकटांच्या मध्ये उभे असतात. २०२५ सालच्या सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीने असंख्य शेतकऱ्यांची उभी पिके डोळ्यांदेखत पाण्यात गेली. शरदाची चाहूल घेणे हा शेतकऱ्याच्या दृष्टीने केवळ सृष्टिसौंदर्याचा आस्वाद नसतो. त्यावर वर्षाची भाकरी अवलंबून असते.

आईने ज्वारीच्या भाकरी आणि जवसाची चटणी फडक्यात बांधून दिली. आजोबा आणि नात सकाळच्या एसटीने नर्सीकडे निघाले. आबांनी नातीला खिडकीजवळ बसविले.

“सांग,” ते म्हणाले.

प्रथम मुलीला सांगण्यासारखे काही सापडेना. रस्ता होता, शेते होती, विजेचे खांब होते. रोजच्याच या गोष्टींत सांगावयाचे ते काय? पण आबा वाट पाहत होते. म्हणून तिने पुन्हा पाहिले.

“आबा, ढग आहेत, पण सगळं आकाश भरलेलं नाही. कापसाच्या ढिगांसारखे सुटे सुटे पांढरे ढग आहेत. मधलं आकाश खूप निळं आहे.”

“आणि सावल्या?”

मुलीने खाली पाहिले. झाडांच्या सावल्या रस्त्यावर काळ्या शाईने रेखाटल्यासारख्या स्पष्ट पडल्या होत्या. श्रावणात त्या अशा नव्हत्या. तेव्हा उजेड साऱ्या आभाळातून पाझरल्यासारखा येई आणि सावलीला कड म्हणून नसे. तिने तसे सांगताच आबांनी मान डोलाविली. पावसाने हवेतील धूळ धुऊन काढलेली असते. वर ढगांचे पांघरूणही विरळ झालेले असते. म्हणून या दिवसांत आकाश अधिक निळे दिसते आणि ऊन थेट अंगाला भिडते. भाद्रपदाचे ऊन चटका देते, असा सर्वांचाच अनुभव आहे.

बांधावरच्या गवतात कोळ्यांनी जाळी विणली होती. त्यांवर दव साचून प्रत्येक जाळे मोत्यांच्या पदरासारखे चमकत होते. आकाश ढगांनी झाकलेले असले म्हणजे जमिनीची ऊब रात्री फारशी बाहेर जात नाही. ते निरभ्र झाले की जमीन रात्रीतून निवते आणि हवेतील बाष्प गवताच्या पात्यांवर थेंबाथेंबाने जमते. म्हणून दव पडू लागणे ही ऋतू पालटल्याची एक मोठी खूण होय.

नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. इ. स. १२७० मध्ये त्यांचा जन्म झाला असे मानतात. नामदेव पुढे पंजाबपर्यंत गेले. त्यांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट केलेली आहेत. म्हणून या लहानशा गावी वारकऱ्यांप्रमाणेच शीख यात्रेकरूही येतात. आबांनी मंदिरात जाऊन हात जोडले, क्षणभर ते पायरीवर टेकले आणि मग नातीच्या खांद्यावर हात ठेवून नदीची वाट चालू लागले.

कयाधू ही काही फार मोठी नदी नव्हे. ती पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला मिळते आणि अशा रीतीने हिंगोलीचे पाणी अखेरीस गोदावरीत जाते. हिरण्यकशिपूची पत्नी, भक्त प्रल्हादाची माता, तिचेही नाव कयाधू. पावसाळ्यात ही नदी काठच्या काळ्या मातीने गढूळ होऊन वाहते. त्या दिवशी मात्र काठाशी उभे राहिल्यावर मुलीला तळाचे गोटे दिसले.

“आबा, पाण्यातले दगड दिसतात. बोटाएवढे मासेही दिसतात.”

पावसाच्या सरी शेतांतील माती ओढून आणतात तोवर पाणी गढूळ राहते. सरी थांबल्या, ओघ मंदावला की माती तळाशी बसते. पहाटे अगस्तीने जे सांगितले होते, ते नदीने आता खरे करून दाखविले.

पलीकडच्या काठावर काशाचे गवत पुरुषभर वाढले होते आणि त्याला पांढरे रेशमी तुरे आले होते. वाऱ्याची झुळूक आली की तो सारा काठ एकदम एका बाजूला लवे. तुरे कोणत्या दिशेला लवतात, हे आबांनी मुद्दाम विचारले. मुलीने हात करून दाखविले, मग आबांना हात दिसला नसेल हे ध्यानात येऊन तिने शब्दांनी सांगितले, “थोडा वेळ पूर्वेकडे, मग कुठेच नाही, मग पुन्हा पूर्वेकडे.”

“म्हणजे पश्चिमेचा वारा अजून पुरता गेलेला नाही,” आबा स्वतःशीच पुटपुटले.

इतक्यात एक चिमुकला पक्षी पाण्याकाठच्या दगडावर उतरला. पोट पिवळसर, पाठ करडी आणि लांब शेपटी सारखी वरखाली हालत असलेली. परीट दगडावर कपडे आपटतो, तशी ती शेपटी आपटत होती. म्हणूनच आपल्याकडे या पक्ष्याला परीट किंवा धोबी म्हणतात. हा येथला रहिवासी नव्हे. उन्हाळा तो हिमालयात आणि त्याच्या पलीकडच्या थंड प्रदेशांत काढतो आणि तेथे थंडी पडू लागण्यापूर्वीच दक्षिणेस येतो. उत्तरेकडे दिवस लहान होऊ लागल्याची बातमी हिंगोलीच्या शिवारात प्रथम आणणारा हा निरोप्याच म्हणावयाचा.

शेतावर पोहोचेपर्यंत ऊन चढले होते. मुलीचे वडील बांधावरच्या लिंबाखाली वाट पाहत उभे होते.

शेताचे दोन भाग होते. वरचा भाग उताराचा आणि मुरमाड. खालचा नदीच्या बाजूचा, काळ्या भारी मातीचा. वरचे सोयाबीन पिवळे होऊन त्याची पाने गळून गेली होती. काड्यांवर तपकिरी शेंगा तेवढ्या उरल्या होत्या. खालच्या भागातली पाने आत्ता कुठे पिवळी पडू लागली होती आणि मधूनमधून हिरवी झाक टिकून होती. एका कडेला हळदीची रुंद पाने कमरेपर्यंत वाढून हिरवीगार डोलत होती. तिच्या काढणीला माघ-फाल्गुनाची वाट पाहावी लागणार होती. कपाशीला फुले आली होती. आज उमललेली पांढरट, आणि काल उमललेली गुलाबी झालेली. एका झाडावर तर पहिले बोंड फुटून कापूस बाहेर डोकावत होता. बांधावरच्या सीताफळांनी डोळे उघडले होते, म्हणजे त्यांच्या खवल्यांमधल्या फटी रुंदावून पांढऱ्या दिसू लागल्या होत्या.

मुलीने हे सारे एकेक करून सांगितले. मग तिने विचारले, “आबा, पाटी भरून शेंगा आल्या आणि पानं मात्र वाळली. झाड आजारी पडलं का?”

“आजारी नव्हे. आई लेकरांच्या तोंडी घास घालते ना, तसं आहे. पानांत जे सत्त्व होतं ते झाडानं दाण्यांत भरलं.”

आबांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. सोयाबीनचे दाणे भरू लागले की पानांतील नत्र व इतर पोषक द्रव्ये दाण्यांकडे जाऊ लागतात. हरितद्रव्य नाहीसे होते आणि त्याखाली झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो. युरोप-अमेरिकेतील थंड प्रदेशांत शरद ऋतूमध्ये मोठमोठी अरण्ये पिवळी व तांबडी होतात, तेथेही येणाऱ्या हिवाळ्यासाठी वृक्ष पानांतील सत्त्व परत घेऊन ठेवतात. आपल्याकडे वृक्षांची पानगळ व्हावयाची ती शिशिरात. आपला शरद पानगळीचा नव्हे, भरल्या कणसांचा आणि भरल्या शेंगांचा. तरीही सोयाबीनच्या शेतात उभे राहिले असता दूरच्या देशांतील तो पिवळा शरद आपल्या बांधावर पाहुणा आल्यासारखा वाटतो.

आबा वरच्या भागात शिरले. आता त्यांना नातीच्या डोळ्यांची गरज नव्हती. त्यांनी एक शेंग कानाशी धरून हालविली. आत दाणे खुळखुळले. दुसरी शेंग फोडून त्यांनी दाणा दाताखाली धरला. तो कडक लागला. खालच्या भागातील शेंग मात्र मुकीच राहिली आणि दाण्यात दाताचा ठसा उमटला.

मुलीच्या वडिलांनी मोबाईल पाहून सांगितले, “हवामान खात्याचा अंदाज आहे, आबा. चार-पाच दिवस मराठवाड्यात तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस.”

“त्यांची यंत्रं वरून पाहतात, आपण खालून पाहू,” आबा म्हणाले. “माय, पूर्वेकडे काय आहे?”

दुपार कलू लागली होती. सकाळी कापसासारखे सुटे असलेले ढग आता एकमेकांजवळ आले होते. पूर्वेच्या बाजूस त्यांतला एक उंच उंच चढत गेला होता. मुलीने डोळे बारीक करून पाहिले. आपल्या सांगण्यावर काय अवलंबून आहे, हे तिला एव्हाना कळले होते. म्हणून ती घाईने बोलली नाही.

“एक ढग फार उंच गेला आहे, आबा. वरून फुलकोबीच्या गड्ड्यासारखा दिसतो. खालून मात्र सपाट आहे, आणि तिथे काळसर झाला आहे.”

आबा काही वेळ बोलले नाहीत. नैर्ऋत्य मोसमी पाऊस राजस्थानच्या पश्चिम भागातून सरासरीने १७ सप्टेंबरच्या सुमारास माघार घेऊ लागतो. मराठवाड्यातून तो पुरता निघून जाण्यास मात्र ऑक्टोबर उजाडतो. या मधल्या दिवसांत सकाळ शरदाची आणि संध्याकाळ वर्षेची असते. तापलेल्या ओल्या जमिनीवरून बाष्प वर चढते, दुपारी ढग रचले जातात आणि एखादी वादळी सर कोसळून जाते. हस्त नक्षत्राचा पाऊस तर अद्याप यावयाचाच होता.

“शरद आला आहे, पण पाऊस अजून उंबरठ्यातच उभा आहे,” आबा शेवटी म्हणाले. “मंगळवारी वरचं तेवढं कापा. सुडी उंचवट्यावर लावा, खाली काड्या अंथरा आणि ताडपत्री आजच आणून ठेवा. खालच्याला हात लावू नका.”

“पण आबा, टोळी पुन्हा मिळायची नाही.”

“नाही मिळाली तर घरची माणसं विळे घेऊ. ओला दाणा कापून काय मिळवायचं?”

मुलीच्या वडिलांना ते पुरते पटले नव्हते. त्यांनी खालच्या शेताकडे पाहिले, मोबाईलकडे पाहिले आणि मग ते मुकाट्याने ताडपत्री आणावयास निघाले.

परतीच्या वाटेवर संध्याकाळच्या सोनेरी उन्हात शेकडो चतुर उडत होते. त्यांच्या पारदर्शक पंखांवर प्रकाश लकाकत होता. या काळात दिसणाऱ्या चतुरांपैकी एक पिवळसर जात मोठी प्रवासी आहे. भारतातून निघालेले तिचे थवे ऑक्टोबरच्या सुमारास मालदीव बेटांवर दिसतात आणि तेथून समुद्र ओलांडून ते आफ्रिकेपर्यंत जात असावेत, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. वाटेवर एका चतुराने क्षणभर आबांच्या काठीवर विसावा घेतला. मुलीने श्वास रोखून ते आबांना हळूच सांगितले, आणि तो उडेपर्यंत आबांनी काठी हालविली नाही.

मंगळवारी वरचे पीक कापले गेले. हस्ताच्या पावसाने पुढे दोन रात्री झोडपले. ताडपत्रीचे एक टोक वाऱ्याने उडाले आणि सुडीच्या त्या कोपऱ्यातले दाणे काळे पडले. बाकीचे कोरडे राहिले. खालचे पीक उभ्या उभ्या भिजले, उभ्या उभ्या वाळले, आणि हिंगोलीच्या रामलीला मैदानावरील दसऱ्याची गर्दी ओसरल्यावर घरच्या माणसांनी ते कापून घेतले. सर्वांचे हात विळ्यांनी दुखून आले. परंतु धान्य घरात आले.

दिवाळीनंतर आबांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यानंतर काही दिवसांनी ते पहाटे लवकर उठले. हवेत चांगलाच गारवा होता. नात शालीत गुरफटून त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली आणि सवयीप्रमाणे सांगू लागली, “आबा, अगस्ती दिसतो. पण त्या दिवशी होता तिथे नाही. पश्चिमेकडे सरकला आहे.”

आबांनी मान उचलून दक्षिणेकडे पाहिले, मग थोडे पश्चिमेकडे. बऱ्याच वेळाने त्यांची नजर एका जागी स्थिरावली.

“बरोबर सांगितलंस,” ते म्हणाले. “आता मलाही दिसतो. पण उद्यापासून तूच सांगत जा. तुझं ऐकायची मला सवय झाली आहे.”